पाठीवरचा हात, पाठीवरचे ओझे

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कामावर झालेल्या इजेची बातमी होते ती बहुधा दोन कारणांनी. खाणीत किंवा कारखान्यात अपघात होतो, नाहीतर मोहफुले वेचायला वा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईवर वाघ झडप घालतो. दोन्ही घटना भीषण आहेत आणि त्यांची दखल घेतली जाते हे योग्यच आहे. परंतु इथल्या कष्टकऱ्यांच्या शरीराची जी मोठी झीज कामामुळे होते तिला तारीख नसते, पंचनामा नसतो आणि नुकसानभरपाईचा अर्जही नसतो. ती मार्चमध्ये मोहाखाली सुरू होते. पहाटेपासून जमिनीवरचे एकेक फूल वेचायचे. मग एप्रिल-मेमध्ये तेंदूची पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायचे. जुलै-ऑगस्टमध्ये बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून रोवणी. दिवाळीच्या आगेमागे धानकापणी, भारे बांधणे, ते खळ्यावर नेणे. हिवाळ्यात बांबूतोड, किंवा टोळीने तेलंगणात मिरची तोडायला जाणे. मधल्या दिवसांत डोक्यावर सरपणाची मोळी आहेच. या वर्षभराच्या चक्रात कंबर, मान, गुडघे आणि खांदे यांना उसंत मिळते ती काम नसते तेव्हा, आणि काम नसणे ही तर वेगळीच आपत्ती. हाताने करायचे उपचार, विशेषतः ऑस्टिओपॅथी, या दुखण्यावर काय करू शकतात असा प्रश्न आता विचारला जाऊ लागला आहे. त्याचे उत्तर शोधताना उपलब्ध पुरावा मला एका निष्कर्षाकडे नेतो: हाताच्या उपचाराला इथे जागा आहे, पण ती तिसरी. पहिली जागा ओझे आणि वाकणे कमी करण्याची आहे. दुसरी, कोणते दुखणे कामाचे आणि कोणते रोगाचे हे ओळखू शकणाऱ्या जवळच्या माणसाची. हा क्रम उलटला तर चांगला उपचारही कुचकामी ठरतो, आणि काही वेळा घातक.

आधी वाकण्याचे काय होते ते पाहू. कमरेत पूर्ण वाकून माणूस बराच वेळ राहिला की पाठीचे स्नायू हळूहळू काम सोडतात आणि सगळा भार मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर व चकत्यांवर येतो. हे अस्थिबंध ताणून सैल पडतात. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस मिनिटे वाकून बसलेल्यांची पाठ तपासली. उठल्यावर पहिल्या दोन मिनिटांत सैलपणा साधारण निम्मा ओसरला, पण अर्ध्या तासानंतरही तो पूर्ण गेलेला नव्हता. रोवणी करणारी बाई वीस मिनिटे नव्हे, तासन् तास वाकलेली असते, आणि उठल्याबरोबर ती पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, ओली, जड पेंढी उचलते. पाठ सर्वांत दुबळी असते नेमक्या त्याच क्षणी तिच्यावर ओझे येते. ‘उचलताना चमक भरली’ असे जे सांगितले जाते त्यात उचलण्याचा वाटा शेवटच्या धक्क्याइतकाच असतो. तयारी आधीच्या वाकण्याने केलेली असते. जंगलात या वाकण्याची आणखी एक किंमत मोजावी लागते. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला सावज वाटू शकतो, हे वन्यजीव अभ्यासक सांगत आले आहेत. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मोह आणि तेंदूच्या हंगामात ज्या बायका मारल्या गेल्या त्या कामाच्या ठिकाणी, काम करता करता गेल्या. त्या मृत्यूंची नोंद मानव-वन्यजीव संघर्ष या सदरात होते. ती व्यवसायजन्य मृत्यू म्हणूनही व्हायला हवी, कारण त्यांना कमी करण्याचा एक मार्ग कामाची पद्धत बदलण्यातून जातो.

दुखणे आल्यावर लोक काय करतात? अंग चोळून घेतात, शेकतात, निरगुडीचा पाला बांधतात. उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. हाड मोडले, सांधा निखळला तर हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून बांधतो. पोटऱ्यांना किंवा पाठीला डाग देणारेही आहेत. हे सगळे करूनही काम सुरू करता आले नाही तर गावोगाव फिरणाऱ्या, पदवीचा पत्ता नसलेल्या डॉक्टरकडून सुई. त्या सुईत वेदनाशामक असते, पुष्कळदा स्टेरॉइडही. यातल्या पुष्कळ गोष्टी हातानेच करायच्या आहेत. म्हणून ऑस्टिओपॅथी इथे परकी वाटण्याचे कारण नाही. तिचा उगमही अशाच भूमीतला आहे. अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या वस्त्यांमध्ये वैद्यकी करणारा माणूस. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्याची मुले दगावली, त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला आणि १८७४ मध्ये त्याने आपली नवी पद्धत जाहीर केली. काही काळ तो हाडवैद्य म्हणूनच आपली जाहिरात करीत असे. १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल इथे त्याने पहिली शाळा काढली. पुढे या विद्येच्या दोन वाटा झाल्या. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर शस्त्रक्रियेसह सर्व वैद्यकी करणारे पूर्ण डॉक्टर झाले; ब्रिटन आणि युरोपात ऑस्टिओपॅथ म्हणजे मुख्यतः हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणारा, आणि ब्रिटनमध्ये १९९३ पासून त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. भारतात ही विद्या अजून मोजक्या शहरांपुरती आहे; ओडिशात कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात तिचे शिक्षण मिळते. अहेरी किंवा कोरचीच्या रुग्णाला ‘ऑस्टिओपॅथकडे जा’ असे सांगणे म्हणजे त्याला काहीच न सांगण्यासारखे आहे.

तरीही उपचार म्हणून तिची कसोटी लावली पाहिजे, कारण उपचार खरोखर प्रभावी असेल तर तो इथे आणण्याचा खटाटोप करावा लागेल. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९९ साली आलेल्या अमेरिकन अभ्यासात कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले होते. ऑस्टिओपॅथी घेणारे आणि नेहमीचे उपचार घेणारे सारख्याच प्रमाणात बरे झाले, मात्र पहिल्या गटाला औषधे कमी लागली. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या ४०० रुग्णांवरचा अभ्यास अधिक कठोर होता. त्यात अर्ध्या रुग्णांना खरी ऑस्टिओपॅथी आणि अर्ध्यांना नुसता हलका, दिखाऊ स्पर्श देण्यात आला. तीन महिन्यांनी हालचालींवरील मर्यादेच्या शंभर गुणांच्या मापावर दोन गटांत फरक पडला तो जेमतेम साडेतीन गुणांचा. संख्याशास्त्राला तो दिसला. रुग्णाला तो जाणवेल की नाही याबद्दल संशोधकांनीच शंका व्यक्त केली. मणक्यावरच्या हस्तोपचारांचे ४७ अभ्यास आणि नऊ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून २०१९ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला त्याचा निष्कर्षही असाच आहे: जुनाट कंबरदुखीत या उपचारांचा गुण व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतका येतो, जास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णशिक्षणाबरोबर हस्तोपचार आणि मालिश यांना सशर्त स्थान आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ताणणे आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांची मात्र शिफारस नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कंबरदुखीच्या रुग्णाच्या हाती बहुधा हाच पट्टा पडतो, आणि तो मजुरीच्या पैशांतून घेतलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. हे सगळे अभ्यास पॅरिसच्या किंवा शिकागोच्या रुग्णांवरचे. तिथला माणूस खुर्चीत बसून दुखणे ओढवून घेतो, इथला चिखलात. मग तिथला पुरावा इथे का लावायचा? अंशतः हे खरे आहे. पण हा फरक हस्तोपचाराच्या बाजूने पडत नाही, विरुद्ध पडतो. पॅरिसच्या रुग्णाला उपचारानंतर काही दिवस भार टाळता येतो. रोवणीच्या हंगामात मजुरी चुकली तर ती परत मिळत नाही. आज मोकळी केलेली कंबर उद्या सकाळी पुन्हा त्याच बांधीत, त्याच कोनात वाकणार. कारण तसेच ठेवून केलेल्या उपचाराचा गुण इथे तिथल्यापेक्षा जास्त टिकेल असे मानायला आधार नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: गुण इतका थोडा असेल तर हा विषय सोडूनच का देऊ नये? नये, कारण ‘औषधे कमी लागली’ या जुन्या निष्कर्षाचे मोल इथे फार आहे. आठवड्याला एक सुई किंवा रोज दोन गोळ्या घेऊन हंगाम काढणाऱ्या माणसाचे मूत्रपिंड आणि जठर यांची जी हानी होते ती कंबरदुखीपेक्षा भारी पडते. उन्हात, कमी पाण्यात राबणाऱ्याला हा धोका अधिक. थकलेले अंग सैल करायला दारू आणि खर्रा हे उपायही इथे सर्रास आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. या साऱ्या वादात महसूल, गुन्हे, संसार यांची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. दिवसभर राबून ठणकणाऱ्या शरीराला दुसरे काय देणार, हा प्रश्न मात्र फारसा ऐकू आला नाही. जाणत्या हाताने केलेले मालिश आणि त्याच्यासोबत शिकवलेले दोन व्यायाम हे सुईला आणि पेल्याला पर्याय म्हणून उभे राहू शकले, तर त्यांचा थोडा गुणही पुष्कळ म्हणावा लागेल.

पण या दोन जिल्ह्यांत पाठीला हात लावण्याआधी फार विचार करावा लागतो, आणि या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. इथे सगळीच कंबरदुखी कामाची नसते. सिकलसेलचा आजार पूर्व विदर्भातल्या अनेक आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरते. तरुण माणूस लंगडू लागतो, जांघेत आणि कमरेत दुखते म्हणतो, आणि भोवतालचे सगळे ते ओझ्याचे दुखणे समजतात. अशा खुब्याला जोराने ताण किंवा झटका देणे म्हणजे ढासळणाऱ्या हाडाला ढकलण्यासारखे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी प्यायलेल्याचा कणा ताठरतो, अस्थिबंध हाडासारखे कडक होतात आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. असा कणा ‘मोकळा’ करायला जाणारा हात रुग्णाला कायमचा अधू करू शकतो. मणक्याचा क्षय अजून आपल्यातून गेलेला नाही. त्यात पाठ दुखते, रात्री जास्त दुखते, वजन घटते, बारीक ताप येतो. आणि मालिशवाल्याकडे महिने घालवले तर पाय लुळे पडतात. बायकांच्या बाबतीत तर गडचिरोलीनेच जगाला धडा दिला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला होता, आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. ओटीपोटातला जंतुसंसर्ग आणि खाली सरकलेले गर्भाशय ही दोन्ही दुखणी बाई सांगते ती ‘कंबर दुखते’ अशाच शब्दांत. अंग बाहेर येण्याचा त्रास बाळंतपणानंतर लवकर ओझे उचलण्याने वाढतो, म्हणजे तिथेही काम गुंतलेले आहे. पण उपाय पाठीवर नाही. आणि कुष्ठरोग: या जिल्ह्यांत तो अजून सापडतो. हाताला भाजले, विळा लागला आणि दुखले नाही असे कोणी सांगितले तर ती इजा नसून रोगाची खूण असू शकते. ही सगळी यादी शहरातल्या ऑस्टिओपॅथीच्या पुस्तकातही सापडेल, परंतु तिथे ती दुर्मीळ अपवाद म्हणून येते. इथे ती रोजच्या बाह्यरुग्ण विभागातली गोष्ट आहे. म्हणून रोग ओळखणे ही हाताच्या उपचाराआधीची पायरी आहे असे मी म्हणतो, आणि ‘आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चोळूनच बरे होतात’ या म्हणण्याला माझे उत्तरही यातच आहे. बरे होतात ते बहुतेक आपोआप बरे होणारे असतात. ताज्या कंबरदुखीतले बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत सुधारतात, कोणी काहीही केले तरी. जे बरे होत नाहीत त्यांची गणती चोळणाऱ्याकडे राहत नाही. घट्ट बांधलेल्या कामट्यांमुळे रक्तपुरवठा तुटून हात कापावा लागलेले मूल पुढे हाडवैद्याच्या दारात येत नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जाते.

आता प्रतिबंधाकडे. इथे सर्वमान्य समजूत अशी की माणसे चुकीच्या पद्धतीने उचलतात. त्यांना गुडघ्यात वाकून उचलायला शिकवले की दुखापती थांबतील. कारखान्यांच्या भिंतींवर तसे फलक असतात. या समजुतीची तपासणी फिनलंडच्या संशोधकांनी २००८ मध्ये केली. उचलण्याच्या प्रशिक्षणावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र केल्यावर कंबरदुखी त्याने टळते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१६ मध्ये तीस हजारांवर लोकांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. त्यात नियमित व्यायामाने कंबरदुखीचा नवा झटका येण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि व्यायामाला माहितीची जोड दिल्यास सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेला दिसला; पट्टे आणि बुटातले तळवे यांनी काही साधले नाही. ‘दिवसभर राबणाऱ्याला आणि व्यायाम कसला सांगता?’ हा प्रश्न इथे कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे, कारण त्या अभ्यासांतले लोक शेतमजूर नव्हते. तरी काम म्हणजे व्यायाम नव्हे. रोवणी एकाच दिशेने, त्याच सांध्यांना, थांबायची मुभा न देता राबवते. व्यायाम उलट दिशेने, मोजका आणि आपल्या मर्जीने असतो. दर अर्ध्या तासाने बांधावर उभे राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकणे, आणि वाकण्याचे काम संपताच ओझे न उचलता दोन-चार मिनिटे ताठ चालणे, इतके तरी मॅकगिल यांच्या प्रयोगातून सरळ निघते. अडचण ज्ञानाची नाही, मजुरीच्या रीतीची आहे. रोवणी एकराच्या ठेक्याने दिली जाते, तेंदूची मजुरी शंभर पुड्यांवर ठरते. थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे त्या बाईच्याच पदरातून जातात.

म्हणून पहिला उपाय शिकवण्यात नसून वजनात आहे. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये जे सूत्र दिले त्यात सर्व परिस्थिती आदर्श असताना, म्हणजे वस्तू शरीराजवळ, कमरेच्या उंचीला, चांगल्या पकडीची असताना, उचलण्याचे कमाल वजन २३ किलो धरले आहे. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोची असते, आणि राजुरा-कोरपना भागात सिमेंटचे कारखाने असल्याने ही गोणी चंद्रपूर जिल्ह्याच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. धान्याचे शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आले त्यामागे हमालांची दीर्घ चळवळ आहे. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने ओझे हा मजुरीइतकाच वाटाघाटीचा विषय असतो हे महाराष्ट्राला दाखवून दिले. एका पोत्याचे वजन अर्ध्यावर आणून राज्यातल्या हमालांच्या पाठींचे जेवढे भले झाले तेवढे कोणत्याही दवाखान्याला करता आले नसते. मात्र ते भले बाजार समितीच्या आवारात झाले. मोळीचे वजन कोणी करीत नाही. धानाच्या भाऱ्याचे, ओल्या बांबूच्या बिंड्याचे, पाण्याच्या दोन गुंडांचे वजन कोणत्याच नियमात बसत नाही, कारण ती वाहणारी बहुधा स्त्री असते आणि तिचा मालक बहुधा कोणीच नसतो किंवा तीच असते.

ओझे आणि अवजार बदलून इजा टाळता येते याचा एक जुना दाखला चंद्रपूर जिल्ह्यातच आहे, फक्त तो आपण या विषयाशी जोडत नाही. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने ‘झडतात’ असे एकेकाळी मानले जाई. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की संवेदना गेलेल्या हातापायांना कामात होणाऱ्या, न जाणवलेल्या इजांनी ती झिजतात. त्यानंतर जगभरच्या पुनर्वसनाचा भर अवजारांवर गेला: मुठी जाड आणि मऊ करणे, गरम भांड्यांना लाकडी दांडे, मऊ रबराची पादत्राणे, दर संध्याकाळी हातपाय निरखून पाहण्याची सवय. वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये सुरू झालेल्या आनंदवनाने ज्यांना समाजाने निकामी ठरवले होते त्यांच्याकडून शेती, विणकाम, बांधकाम करवून घेतले ते शरीराला कामाजोगे करण्याबरोबर कामाला शरीराजोगे करूनच. आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांना स्वतःला मणक्याच्या विकाराने वर्षानुवर्षे बसता येत नव्हते, ते उभे राहत किंवा आडवे होऊन प्रवास करीत, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कुष्ठरुग्णासाठी जी समज आपण दाखवली ती निरोगी मजुरासाठी दाखवायला काय हरकत आहे? धानाच्या कापणीला दातेरी, हलका वैभव विळा. निंदणाला उभ्याने ढकलायचे कोनोवीडर. मळणीला पायाने चालवायचे यंत्र. मोहाखाली अंथरायचे जाळे, ज्याने फुले स्वच्छ मिळतात, भाव बरा येतो आणि वाकण्याचे तासही घटतात. यातली एकही गोष्ट नवी किंवा महाग नाही.

रोवणीचे मात्र वेगळे आहे. वाकणे टाळायचे तर एक तर रोवणी यंत्र आणावे लागेल किंवा आवत्या, म्हणजे पऱ्हे न लावता थेट पेरणी करावी लागेल. दोन्हींत बाईची मजुरी जाते. यंत्राला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही: या दोन जिल्ह्यांतल्या भूमिहीन स्त्रीला रोवणीचे दिवस हे वर्षातले सर्वांत हमखास कमाईचे दिवस असतात, आणि दुखरी कंबर घेऊन का होईना ती ते सोडणार नाही. पण यावरून वाकणे चालू ठेवावे असा निष्कर्ष निघत नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे असावे, हा प्रश्न निघतो. तेच यंत्र महिला बचत गटाच्या हाती असले आणि ठेका त्याच गटाने घेतला तर मजुरी त्यांच्याकडेच राहील. यंत्र जिथे जात नाही अशा खोल बांधींसाठी ओळीत आणि विरळ रोवणी हा मधला मार्ग आहे. रोपे कमी लागतात, पुढचे निंदणही उभ्याने करता येते. सिंदेवाहीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे धान संशोधन केंद्र आहे. तिथे वाणांवर जेवढे काम झाले तेवढे ते लावणाऱ्या पाठींवर झाले तर या भागाला त्याचा उपयोग होईल.

खाणींचा विचार इथे थोडक्यात करतो, कारण तिथे निदान मालक ठाऊक आहे आणि कायदा आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी क्षेत्रांतल्या खुल्या खाणींत आता फावड्यापेक्षा डंपर मोठा आहे. डंपरचालकाला इजा होते ती उचलण्याने नव्हे, बसण्याने: आठ तास खड्ड्यांच्या रस्त्यावर आसनातून कण्यात शिरणारी थरथर. नागपूरच्या खाण कामगार आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय खाणींत हे मोजले आहे, आणि डंपरचालकांत कंबरदुखी इतर कामगारांपेक्षा कितीतरी जास्त आढळली आहे. उपायही ठाऊक आहे: खाणीतला रस्ता समतल ठेवणे, आसनाची स्प्रिंग वेळेवर बदलणे, पाळी बदलून देणे. तरी १९५२ च्या खाण कायद्याखाली जे रोग अधिसूचित होत आले त्यांत सिलिकोसिस आहे, ॲस्बेस्टॉसिस आहे, आवाजाने आलेले बहिरेपण आहे. थरथरीने झिजलेला कणा नाही. जे यादीत नाही त्याची तपासणी होत नाही, आणि तपासणी नाही म्हणून ते यादीत येण्याइतके मोठे दिसत नाही. कायम कामगाराला कंपनीचा दवाखाना तरी असतो. ठेकेदाराकडच्या चालकाची कंबर गेली की त्याच्या जागी दुसरा येतो, एवढीच नोंद.

आता हाताची, तिसऱ्या जागेची गोष्ट. उपचार कोण करणार? गडचिरोलीत शोधग्रामच्या सर्च संस्थेने कंबर आणि सांधेदुखी हा संशोधनाचा आणि सेवेचा विषय केला, आणि मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी तिथे जाऊन रुग्ण तपासत व शस्त्रक्रिया करीत आले आहेत. त्याने दोन गोष्टी सिद्ध झाल्या: हे दुखणे इथल्या लोकांना खरोखर छळते, आणि मणक्याची उत्तम सेवा जंगलातही देता येते. पण शस्त्रक्रिया लागणारे रुग्ण थोडेच. उरलेल्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून ठरल्या दिवशी तरी फिजिओथेरपिस्ट हवा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी या व्यवसायाला चौकट दिली आहे, चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ऑस्टिओपॅथीचा वेगळा तांडा आणण्याऐवजी तिच्यातले जे पुराव्याला उतरते ते, म्हणजे सांधे हळुवार मोकळे करण्याची तंत्रे, पूर्ण शरीर तपासण्याची शिस्त, रुग्णाला अंथरुणात न ठेवता हलते ठेवण्याचा आग्रह, या फिजिओथेरपिस्टांना शिकवणे सोपे आणि सुरक्षित आहे. मानेला झटका देण्याचे प्रकार मात्र सोडूनच द्यावेत; त्याने मानेतली रक्तवाहिनी फाटण्याचा धोका क्वचितचा असला तरी त्यानंतरचा पक्षाघात भामरागडहून वेळेत कुठेही पोचणार नाही. आणि गावात जे हात आधीच आहेत त्यांचे काय? चोळणाऱ्या बाईला किंवा हाडवैद्याला हाकलून देणे अशक्य आहे आणि अन्यायाचेही. सर्चने अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळ वाचवायला शिकवले आणि तो प्रयोग पुढे देशाच्या धोरणात गेला. त्या मानाने धोक्याच्या पाच-सहा खुणा शिकवणे अवघड नाही: रात्रीचा ठणका आणि ताप, पायातला जोर किंवा लघवीवरचा ताबा जाणे, सिकलसेलचा रुग्ण, पडल्यानंतरची पाठदुखी, अंग बाहेर येणे, बधिर चट्टा. यातले काही दिसले तर हात लावायचा नाही, आशाताईला सांगायचे. बाकीच्यांना चोळायला हरकत नाही.

उरतो तो प्रश्न पैशाचा आणि अधिकाराचा, आणि तिथे या जिल्ह्यांची स्थिती बाकी महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर पेसा आणि वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकू लागल्या. म्हणजे जंगलातल्या कामाच्या अटी ठरवणारी संस्था आता बऱ्याच ठिकाणी खुद्द राबणाऱ्यांचीच आहे. फळी टोल्यापासून किती दूर असावी, पाने वाहायला सायकल की ट्रॅक्टर, बांबूचा बिंडा किती कांड्यांचा, जंगलात एकट्याने जायचे की गटाने, मोहाच्या जाळ्यांचा खर्च कशातून करायचा, मजुरी पुड्यावर देताना विसाव्याचा वेळ दरात धरायचा की नाही: यातले काहीही मुंबईहून मंजूर व्हावे लागत नाही. मेंढ्यात निर्णयाआधी अभ्यासगट बसवण्याची रीत आहे. एखाद्या ग्रामसभेने एक वर्ष असा गट बसवून कोणत्या महिन्यात, कोणत्या कामानंतर, किती जणांच्या कमरा धरल्या, किती मजुरी बुडाली आणि सुयांवर किती पैसे गेले हे लिहून काढले, तर तेंदूच्या पुढच्या लिलावात ठेकेदारासमोर पुड्याच्या दराबरोबर हा आकडाही ठेवता येईल.